पाणी दूषित होऊ नये म्हणून शेतीची पद्धत बदलणाऱ्या शेतकऱ्याला शासनाची आर्थिक मदत मिळते का?

मदत मिळते, पण ती बहुतेक विकत घेतलेल्या वस्तूवर मिळते. पाणी चांगले राहावे म्हणून शेतकरी जे सोडून देतो, त्याची भरपाई मला तरी कोणी दिलेली नाही.

आमची जमीन लातूर जिल्ह्यात मांजरेच्या खोऱ्यात आहे आणि गावाच्या नळयोजनेची विहीर आमच्या उसाच्या उतारालाच आहे. त्या विहिरीत नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅम या पिण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले, तेव्हा मी मोकाट पाणी बंद करून ठिबक बसवले, युरिया हप्त्याहप्त्याने द्यायला लागलो आणि ओढ्याकाठची उसाच्या चार ओळींची पट्टी गवताला सोडली. काळ्या रानातून युरिया खाली जातच नाही आणि लोकांच्या विहिरीसाठी आपण रान पडीक का टाकावे, असे माझे चुलते भावकीच्या बैठकीत सर्वांसमोर म्हणाले. त्यांचे पहिले म्हणणे साफ चूक आहे. युरियाचे मातीत नायट्रेट बनते, ते मातीला धरून राहत नाही, पाण्याबरोबर उतरते, आणि आमच्याकडे काळ्या मातीखाली मुरूम व भेगाळलेला खडक असल्यामुळे ते विहिरीपर्यंत पोचते. पाणी उकळूनही ते जात नाही आणि वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना त्याचा धोका सर्वाधिक असतो.

दुसऱ्या म्हणण्याला मात्र शासनाने उत्तर द्यायला हवे. ठिबकासाठी अल्पभूधारकाला राज्याची पूरक मदत धरून ८० टक्के अनुदान आहे. परंपरागत कृषी विकास योजनेत गटाने सेंद्रिय शेती केल्यास ३ वर्षांसाठी हेक्टरी ३१,५०० रुपये आहेत, त्यांपैकी १५,००० थेट शेतकऱ्याच्या खात्यात येतात. याउलट ४५ किलोची युरियाची गोणी अनुदानामुळेच २६६ रुपये ५० पैशांना मिळते, म्हणजे जो जास्त ओततो त्यालाच जास्त मदत होते, आणि हे मला अन्यायाचे वाटते.

ठिबकाच्या अनुदानाची टक्केवारी शासनाने मंजूर केलेल्या खर्चाच्या मापदंडावर असते, दुकानदाराच्या बिलावर नाही, आणि सातबारा सामाईक असेल तर इतर खातेदारांची संमती आधी घ्या. ठिबक बसवून युरिया पूर्वीइतकाच दिला, तर विहिरीला फारसा उपयोग नाही. पट्टी सोडायची असेल तर तिथे बांबू किंवा फळझाडे लावण्यासाठी रोजगार हमीतून अर्ज करा. म्हणजे ती पडीक आहे असे माझ्या चुलत्यांसारख्यांना म्हणता येणार नाही.