वडिलांनी श्रवणयंत्राचा टीव्ही स्ट्रीमर कंटाळून कपाटात ठेवलाय. चूक त्यांची की वस्तूची?

तुम्ही विचारलंय की वडिलांच्या दोन्ही कानांना मशीन आहे, त्यासोबत टीव्हीला जोडायचा स्ट्रीमर, म्हणजे टीव्हीचा आवाज थेट मशीनमध्ये पाठवणारी छोटी पेटी, आणि बोलणाऱ्याच्या कपड्याला लावायचा एक क्लिपचा माइक घेतला, पण आवाज मध्येच तुटतो, कधी चित्राच्या मागून, उशिरा येतो, आणि दोन महिन्यांत त्यांनी सगळं कपाटात टाकलं. घरचे म्हणतात, त्यांना शिकायचंच नाही.

चूक त्यांची नाही, हे आधी सांगते. मी स्वतः नऊ वर्षं दोन्ही कानांना मशीन लावते, बँकेत काम करते, दिवसभर फोन आणि माणसं. कपाटात टाकण्याची वेळ माझ्यावरही दोनदा आली. एकदा तर मी स्ट्रीमर हातात धरून रडले आहे. शिक्षण कमी म्हणून नव्हे, तर आठ दिवस प्रयत्न करूनही आईचा फोन नीट ऐकू येईना म्हणून. या वस्तू विकताना दुकानात दहा मिनिटं दाखवतात, तिथे सगळं छान वाजतं. घरी आल्यावर जे होतं त्याची कारणं असतात आणि बरीचशी सापडतात, पण ती कुणी सांगत नाही.

तुटण्यापासून सुरुवात करते. ब्लूटूथ आणि बहुतेक टीव्ही स्ट्रीमर २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालतात. पाणी या लहरी शोषतं, आणि आपलं शरीर म्हणजे बव्हंशी पाणीच. फोन उजव्या खिशात असला की डावा कान मधूनमधून जातो, कारण मध्ये अख्खं धड आणि डोकं येतं. मला याचा सगळ्यात विचित्र अनुभव रंकाळ्यावर आला. घरात तोच फोन, तीच मशीन, गाणी अखंड चालायची. संध्याकाळी तलावाच्या कडेने चालायला लागले की दर चार पावलांना डावा कान गप्प. मला वाटलं मशीन बिघडलं. नंतर कळलं की घरात लहरी भिंतींवर आपटून फिरून कानापर्यंत पोचतात, उघड्यावर भिंतच नाही, त्यामुळे शरीराच्या सावलीत आलेल्या कानाला काहीच मिळत नाही. तेव्हापासून बाहेर पडताना फोन पर्सच्या तळाशी टाकत नाही, छातीच्या उंचीवर ठेवते. एवढ्यानेच निम्मा त्रास गेला.

टीव्हीच्या बाबतीत पेटी कुठे ठेवलीय ते बघा. टीव्हीच्या मागे, भिंत आणि पडद्याच्या फटीत कोंबली असेल तर बाहेर काढा आणि बाबांच्या खुर्चीवरून डोळ्यांना दिसेल अशी ठेवा. शेजारी वायफायचा राउटर असेल तर दोघांत अंतर ठेवा आणि घरातले फोन-लॅपटॉप वायफायच्या ५ गिगाहर्ट्झवर न्या. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास काम करतो. आमच्याकडे जेवणाच्या वेळी बातम्या ऐकताना आवाज फुटायचा आणि मला वाटायचं चॅनेलचाच घोळ आहे. सासूबाई तेव्हाच आमटी गरम करत असायच्या हे लक्षात यायला महिना गेला.

आता आवाज उशिरा येण्याचं. हे टीव्हीच्या स्वतःच्या ब्लूटूथमधून किंवा बाजारातल्या साध्या ब्लूटूथ ट्रान्समीटरमधून जास्त होतं. तिथे आवाज कानात पोचायला १०० ते २०० मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक लागू शकतात. ओठ आधी हलतात, शब्द नंतर. त्यात तुमच्या बाबांना कानात जाळीदार मोकळा डोम (मशीनच्या टोकाची छिद्रांची मऊ टोपी) असेल तर टीव्हीच्या स्पीकरचा आवाज थेटही आत शिरतो आणि मशीनचा मागून येतो, म्हणजे प्रत्येक शब्द दोनदा. मेंदू पाच मिनिटांत थकतो. मशीनच्या कंपनीने दिलेल्या पेटीत हा उशीर बराच कमी असतो, त्यासाठीच ती महाग असते. तेव्हा आधी खात्री करा की बाबांचं मशीन खरोखर त्या पेटीला जोडलेलं आहे, की कुणी घाईत टीव्हीच्या ब्लूटूथलाच जोडून दिलंय.

वायरीकडेही बघा. बहुतेक पेट्यांसोबत ऑप्टिकल केबल, म्हणजे आवाज प्रकाशातून नेणारी वायर येते. तिच्या टोकांवर बोटाच्या पेराएवढीही नाही अशी पारदर्शक टोपी असते. ती काढायची असते. माझ्या दिराने ती न काढता जोर लावून केबल घुसवली आणि आम्ही तीन दिवस पेटीला दोष देत होतो. टोपी काढल्यावर टीव्ही चालू असताना केबलच्या मोकळ्या टोकात लाल प्रकाश दिसतो. तो दिसला की टीव्हीकडून आवाज निघतोय हे पक्कं. तरीही कानात काही नाही किंवा नुसतीच खरखर आली, तर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर टाका. ते डॉल्बीवर असेल तर बऱ्याच पेट्यांना ती भाषा कळत नाही. आणि हेडफोनच्या छिद्रातून जोडणी केली असेल तर बहुतेक टीव्ही स्वतःचा स्पीकर बंद करतात, मग बाबांना ऐकू येतं आणि बाकीचं घर मुकं होतं. तुमच्या घरी यावरून भांडण झालं असेल तर मला अजिबात आश्चर्य वाटणार नाही.

घरातल्या माणसांनी समजून घ्यायची एक गोष्ट आहे आणि ती मला फार जवळची आहे. स्ट्रीमिंग चालू झालं की बरीच मशीनं बाहेरचे माइक खूप कमी करतात किंवा बंदच करतात, टीव्ही स्वच्छ यावा म्हणून. मग कुणी हाक मारली, दारावरची बेल वाजली, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, काहीच कळत नाही. माझी मुलगी पाठीमागे उभी राहून तीनदा ‘आई’ म्हणाली आणि चौथ्यांदा पाय आपटत निघून गेली. मला खरंच ऐकू आलं नव्हतं. तिला वाटलं, टीव्हीपुढे आईला कुणाची पर्वा नाही. हे प्रमाण बदलता येतं, काही मशीनांत मोबाइल अ‍ॅपमधून, काहींत ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे कान तपासून मशीन बसवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे जाऊन. मी बाहेरचा आवाज साधारण निम्म्यावर ठेवून घेतला आहे. टीव्ही थोडा कमी स्वच्छ येतो, पण मी घरात असते. तुमचे बाबा ‘ते लावलं की एकटं वाटतं’ असं काही बोलले असतील तर कारण बहुधा हेच.

सेलबद्दल थोडं. स्ट्रीमिंगला नेहमीपेक्षा बराच जास्त करंट लागतो. सेलवाली मशीनं असतील, म्हणजे तपकिरी स्टिकरचे ३१२ किंवा केशरी स्टिकरचे १३ नंबर, तर अर्धवट संपलेला सेल साध्या ऐकण्याला चालतो आणि टीव्ही लावला की मशीन टूं टूं करून बंद पडतं. बाबांना वाटतं स्ट्रीमर बिघडला. हे सेल हवेवर चालतात, स्टिकर काढल्यावर लगेच मशीनमध्ये न घालता दोन-तीन मिनिटं तसेच ठेवा.

आता ज्याचा मला खरा राग आहे ते. २०१६ साली मी गळ्यात अडकवायचा स्ट्रीमर आणि टीव्हीची पेटी मिळून अठरा हजार रुपये मोजले. २०२१ मध्ये मशीन जुनं झालं, त्याच कंपनीचं नवीन घेतलं. विकणाऱ्याने बिल फाडल्यावर सांगितलं, ‘मॅडम, जुनी पेटी याला नाही चालायची, प्लॅटफॉर्म बदललाय.’ पेटी व्यवस्थित चालू होती. तिच्यावर एक ओरखडा नव्हता. दुसऱ्या कंपनीची पेटी चालत नाही हे एक वेळ मी समजू शकते, पण आपल्याच माणसाला पाच वर्षांनी पुन्हा तीच वस्तू विकायची? चष्म्याची दांडी बदलली म्हणून कुणी डोळ्यांचे थेंब नव्याने घ्यायला लावत नाही. आणि हे पैसे ज्यांना द्यावे लागतात त्यातले कितीतरी लोक पेन्शनवर आहेत.

फोनच्या बाबतीतही अनेक वर्षं असंच चाललं. २०१४ मध्ये आयफोनला थेट जोडली जाणारी मशीनं आली, पण अँड्रॉइडवाल्यांना मध्ये गळ्यातला स्ट्रीमर लागायचाच. गूगलने २०१८ मध्ये श्रवणयंत्रांसाठी ‘आशा’ नावाची पद्धत जाहीर केली, ती अँड्रॉइड १० पासून फोनमध्ये येऊ लागली, पण सगळ्याच फोनवर आणि सगळ्याच मशीनवर चालली नाही. काही मशीनांनी जुनं साधं ब्लूटूथच घेतलं, ती कुठल्याही फोनला जोडली जातात. जानेवारी २०२० मध्ये ब्लूटूथ एलई ऑडिओ ही आवाजासाठीची नवी ब्लूटूथ पद्धत जाहीर झाली आणि तिच्यातलीच एक सोय पुढे ‘ऑराकास्ट’ या नावाने आली, ज्यात एक टीव्ही किंवा एखाद्या सभागृहातला प्रक्षेपक एकाच वेळी कितीही कानांना आवाज देऊ शकतो, कंपनी कुठलीही असो. माझ्या मते आपल्यासारख्यांची सुटका याच दिशेने आहे. मात्र त्यासाठी मशीन आणि टीव्ही दोन्हींत ती सोय हवी. नवीन मशीन घेताना ‘ऑराकास्ट रेडी’ एवढ्यावर समाधान मानू नका. ते आज चालतं का, की पुढे कधीतरी अपडेट आल्यावर चालेल, हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

टेलिकॉइलबद्दलही विचारा. मशीनच्या आत तांब्याच्या तारेचं बारीक वेटोळं असतं, बाहेरच्या लूपच्या, म्हणजे आवाजाच्या तारेच्या मोठ्या वेटोळ्याच्या, चुंबकीय क्षेत्रातून ते आवाज उचलतं. जुनं तंत्र आहे, पण त्याला पेअरिंग नाही, पासवर्ड नाही, कंपनीची अट नाही. गळ्यात घालायचा साधा लूप कुठल्याही कंपनीच्या टेलिकॉइलला चालतो. जुन्या ट्यूबलाइटच्या चोकजवळ किंवा वायरिंगजवळ बसलं की ‘हुम्म’ असा आवाज येतो, तेवढं सोसावं लागतं. हल्ली लहान आणि चार्जिंगच्या बऱ्याच मशीनांतून ते काढून टाकलंय, आणि ज्यांत आहे त्यांत ऑडिओलॉजिस्टने टेलिकॉइलचा ‘टी’ प्रोग्राम चालू करून दिलेला नसतो. तुमच्या बाबांच्या मशीनमध्ये ते आधीपासून असण्याची शक्यता आहे. मशीनचं पूर्ण मॉडेल सांगून विचारा.

कपाटातून एकच वस्तू बाहेर काढायची असेल तर क्लिपचा माइक काढा. टीव्हीपेक्षा मी त्याला वरचा मान देते. मशीन आवाज मोठा करतं, पण अंतर मिटवू शकत नाही. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने घटतो, आणि पंख्याचा, भांड्यांचा, शेजारच्या टेबलाचा आवाज मात्र तेवढाच राहतो. माइक बोलणाऱ्याच्या छातीवर असला की ते अंतर एक वीत होतं. आमच्या शाखेच्या वार्षिक बैठकीत मी तो आमच्या वरिष्ठ मॅडमच्या पदराला लावला होता. कडक स्टार्चची कॉटनची साडी. त्या जरा हलल्या की माझ्या कानात कागदाचा बोळा चुरगळल्यासारखं व्हायचं आणि वाक्यं वाहून जायची. मधल्या सुट्टीत मी धीर करून विनंती केली, तो त्यांच्या ओळखपत्राच्या दोरीला अडकवला, तोंडाखाली वीतभर. त्यानंतरचा दीड तास मी एकही शब्द न चुकता ऐकला. नऊ वर्षांत बैठकीतून डोकं न दुखता बाहेर पडण्याचा तो पहिला दिवस होता.

बाबांसाठी तो टेबलावर ठेवू नका, तिथे तो ताट-वाट्याच जास्त ऐकतो. नातवाच्या शर्टाच्या गळ्याला लावा आणि दोघांना गप्पा मारू द्या. गाडीत चालवणाऱ्याच्या कॉलरला लावा. माणसाचा आवाज असा जवळ आला की त्यांचा या वस्तूंवर पुन्हा विश्वास बसेल, टीव्हीची पेटी त्यानंतर लावा.

नवीन काहीही घ्यायच्या आधी ते घरी सात-आठ दिवस वापरायला मागा. देत नसतील तर दुसरीकडे जा. मुंबईच्या जवळ असाल तर वांद्र्याला श्रवणदोषांसाठीची सरकारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची. तिथल्या ऑडिओलॉजिस्टना काही विकायचं नसतं, त्यामुळे दुसरं मत घ्यायला ती चांगली जागा आहे.

मशीनचं मॉडेल, टीव्हीचं मॉडेल, पेटी कुठल्या वायरने जोडलीय आणि तिच्यावरच्या दिव्याचा रंग, एवढं खाली लिहा. बाबांना कानात नेमकं काय होतं ते त्यांच्याच शब्दांत विचारून तेही लिहा. मी रात्री नऊनंतर बघते.