किराण्यात पाणी कुठे मुरतं?

घरखर्चाच्या प्रश्नांपैकी चार या वेळी घेतलेत. कांद्याच्या उत्तराने जास्त जागा खाल्ली, पण नाशिककरांना त्याबद्दल माफी मागायची गरज नसावी.

प्रश्न : जानेवारीत स्वस्त मिळाला म्हणून वीस किलो कांदा भरला. महिन्याभरात निम्मा सडला, उरलेल्याला कोंब आले. घरात सगळे हसतात. (इंदिरानगर)

हसू द्या. तुम्ही घेतलात तो लाल कांदा. त्यात पाणी जास्त, तो टिकायचा नाही. आठ-पंधरा दिवसांपुरताच आणायचा. साठवायचा तो उन्हाळ कांदा, मार्च-एप्रिलपासून निघणारा. लासलगाव-पिंपळगावकडचे शेतकरी चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरतात तो हाच.

घेताना अंगठ्याने मान दाबून बघा. मऊ लागली तर आत ओल आहे, घेऊ नका. मान घट्ट मिटलेली, वरचा पापुद्रा सुटून सळसळणारा, मध्यम आकाराचा कांदा हवा. जोड कांदा आणि डेंगळा (फुलाचा दांडा) आलेला नको, मग भाव कितीही पडलेला असो. घरी आणल्यावर गोणीतून काढा आणि टोपल्यांत पातळ पसरा; वारा लागेल पण ऊन-पाऊस लागणार नाही अशा जागी, बटाट्यांपासून लांब. आठवड्यातून एकदा हात फिरवून नासका काढायचा, नाहीतर तो शेजारच्या चौघांना घेऊन जातो.

आणि हो, चांगल्या चाळीतसुद्धा कांद्याचं वजन घटतंच. फ्लॅटमध्ये दोन-अडीच महिन्यांच्या वर भरू नये. मी पहिल्या वर्षी पन्नास किलो भरला होता. आषाढात खालच्या मजल्यावरच्या काकू 'काही मेलंय का हो?' म्हणून विचारायला आल्या.

प्रश्न : तेलाचा डबा एका दुकानात दुसऱ्यापेक्षा बराच स्वस्त मिळतो. माल सारखाच, मग फरक कशाचा? (सातपूर)

डब्यावरचा बारीक मजकूर वाचलात का? एक डबा पंधरा लिटरचा असेल आणि दुसरा पंधरा किलोचा. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे पंधरा लिटरच्या डब्यात तेल सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम, आणि पंधरा किलोच्या डब्यात जवळजवळ साडेसोळा लिटर. दीड लिटरचा फरक! भावाला निव्वळ वजनाने भागा, किलोचा दर काढा आणि मगच स्वस्त-महाग ठरवा. पिशव्यांनाही हाच हिशेब. तिथेही ग्रॅम बघायचे, पिशवीचा आकार नाही.

प्रश्न : सासूबाईंचा आग्रह, वर्षाचे गहू आणि तूरडाळ एकदमच भरायची. घर वन बीएचके. मी दर महिन्याला आणते, त्यावरून रोज बोलणं होतं. (सिडको)

अर्ध्या बाबतीत त्यांचं खरं आहे. तूरडाळीचा भाव वर्षभरात बराच हलतो, म्हणून नवी डाळ आली की सहा महिन्यांची घ्या. कडक ऊन द्या, गार होऊ द्या, एरंडेलाचा हलका हात लावा आणि कोरड्या डब्यात भरा. गरम डाळ डब्यात कोंडली तर आत घाम धरतो आणि जाळी होते. गहू मात्र तीन महिन्यांचेच पुरे. कोठी कुठे ठेवणार, पलंगावर?

एक गोष्ट मात्र सासूबाईंना माझं नाव सांगून सांगा. गव्हात पाऱ्याच्या गोळ्या नकोत. पारा विषारी आहे, गोळी फुटली तर धान्यात जातो. कडुलिंबाचा वाळलेला पाला पुरतो.

प्रश्न : घरी दर रविवारी मिसळ होते. मोड आलेली मटकी विकत आणणं परवडतं का? (नाशिकरोड)

नाही. मटकी भिजून मोड आली की वजन दुपटीच्या वर जातं, म्हणजे निम्मे पैसे तुम्ही पाण्याचे मोजता. शनिवारी सकाळी भिजत घाला, संध्याकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधा आणि स्वयंपाकाला वापरता त्याच कढईखाली झाकून ठेवा. थंडीत मोड यायला वेळ लागतो, तेव्हा शुक्रवारी रात्रीच भिजवा. मटकी शिजवलेलं पाणी ओतू नका, रश्शात घाला. फरसाण मात्र विकतचंच आणा. घरी तळायला बसलात तर वाचलेले पैसे गॅसवर जातील.