वाचकांचे प्रश्न : सायलेन्सर बदलल्याने गाडीची ताकद वाढते का?

प्रश्न : मी भुसावळला राहतो. गेल्या वर्षी मी 2016 सालची ऑडी टीटी सेकंडहँड घेतली. बाहेरगावच्या एका ट्यूनिंग करणाऱ्याने तिच्यासाठी हेडर, डाउनपाइप, मागचा पूर्ण एक्झॉस्ट आणि 'स्टेज टू' रीमॅप अशा कामाचे कोटेशन दिले असून 230 ऐवजी 300 हॉर्सपॉवर मिळतील, असे त्याचे म्हणणे आहे. माझे रोजचे जाणे-येणे जळगावपर्यंत असते आणि महिन्यातून एखाद्या वेळी अजिंठ्याचा घाट चढावा लागतो. हा खर्च करावा का? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : आपण कोटेशनची प्रत सोबत पाठवली हे बरे केले, कारण उत्तराचा निम्मा भाग त्या कागदातच आहे. त्यातील पहिलीच ओळ 'स्टेनलेस स्टील हेडर, एक संच' अशी आहे. हेडर म्हणजे सिलिंडरांमधला जळका वायू गोळा करणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जागी बसवायच्या नळ्या. आपल्या गाडीच्या दोन लिटर टर्बो इंजिनाला वेगळा हेडर नसतोच. या पिढीच्या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडच्याच ओतकामात घडवलेला असतो, त्याच्याभोवती कूलंट फिरते आणि टर्बो थेट हेडवर बसतो. म्हणजे जो भाग गाडीत नाही तो बदलण्याचे पैसे आपल्याकडे मागितले आहेत. कोटेशन देणाऱ्याने बॉनेट उघडून पाहिले नसावे, असे मी सौम्यपणे म्हणतो.

आता उरलेल्या ओळींकडे वळू. टर्बो गाडीत जळालेला वायू प्रथम टर्बाइन, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोचे चाक, फिरवतो आणि मग डाउनपाइप (टर्बोमागची पहिली नळी), कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (विषारी वायू निवळणारा भाग), रेझोनेटर (आवाजाची घुमक कमी करणारा डबा) व सायलेन्सर या क्रमाने बाहेर पडतो. टर्बाइनच्या पुढे व मागे दाबाचा जितका फरक असेल तितके ते जोमाने फिरते, त्यामुळे टर्बाइननंतरची वाट मोकळी केल्यास टर्बो लवकर भरतो, हे खरे आहे. मात्र त्या वाटेतील सर्वांत मोठी अडचण डाउनपाइपमधील कन्व्हर्टरची असते, मागच्या सायलेन्सरची नव्हे. कन्व्हर्टरच्या मागचा भाग बदलला तर आवाज भारदस्त होतो, वजन थोडे घटते आणि ताकदीत पडणारा फरक चालवणाऱ्याच्या पाठीला जाणवेल इतका क्वचितच असतो. ज्या ओळीवर सर्वाधिक रक्कम लावली आहे तीच ताकदीच्या दृष्टीने सर्वांत कमी कामाची आहे.

खरी वाढ रीमॅपमधून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातील आकडे (मॅप) बदलण्यातून येते. इंजिनाचा संगणक टर्बोचा दाब, इंधनाचे प्रमाण आणि ठिणगीची वेळ ठरवतो, आणि कारखान्याने त्यात जगभरच्या हवामानाचा व इंधनाचा विचार करून काही राखीव जागा ठेवलेली असते. मूळ टर्बो तसाच ठेवून केवळ रीमॅपने वीस-पंचवीस टक्के ताकद वाढू शकते. 'स्टेज वन', 'स्टेज टू' ही कोणत्याही मानकाने ठरवलेली नावे नाहीत, ती विक्रेत्यांची सोय आहे. साधारणपणे मूळ सुट्या भागांवर केलेल्या रीमॅपला पहिले आणि डाउनपाइप बदलून केलेल्याला दुसरे नाव देतात.

प्रश्न असा की, ती राखीव जागा खान्देशात शिल्लक राहते का? भुसावळचा मे महिना आपल्याला मी सांगायला नको. हवेचे तापमान 25 अंशांवरून 45 अंशांवर गेले की तिची घनता सुमारे सहा टक्क्यांनी घटते. ही घट भरून काढण्यासाठी टर्बोला अधिक दाब द्यावा लागतो, दाबाबरोबर हवा आणखी तापते, आणि घाटात मालमोटारीच्या मागे रांगताना ही हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला पुरेसा वारा मिळत नाही. अशा हवेत पेट्रोल ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता स्वतःहून पेटू लागते, यालाच नॉकिंग म्हणतात. नॉक सेन्सरला ते कळताच संगणक ठिणगी उशिरा देतो आणि विकत घेतलेली ताकद गुपचूप परत जाते. गाडी बिघडत नाही, पण डिसेंबरच्या सकाळी मिळालेले डायनोचे (ताकद मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे मेच्या दुपारी कागदावरच राहतात.

म्हणून माझा सल्ला असा आहे की, हेडर गाडीत नाहीच आणि डाउनपाइप बदलताना त्यातील कन्व्हर्टरला हात लागतो (त्याची अडचण शेवटच्या उत्तरात पाहावी), तेव्हा दोन्ही वगळावेत, 100 ऑक्टेनच्या, म्हणजे सहज नॉक न होणाऱ्या पेट्रोलवर बेतलेला मॅप कितीही मोहक वाटला तरी घेऊ नये, कारण ते इंधन प्रवासात प्रत्येक पंपावर मिळेलच असे नाही, आणि साध्या पेट्रोलवर चालणारा सौम्य मॅपच मागावा. काम झाल्यावर डायनोचा आलेख पाहून समाधान मानू नये. तिसऱ्या गिअरमध्ये कमी आरपीएमपासून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर घेतलेला लॉग, म्हणजे संगणकाने टिपलेल्या आकड्यांची नोंद, मागावा आणि त्यात तीन गोष्टी पाहाव्यात: आत येणाऱ्या हवेचे तापमान, प्रत्येक सिलिंडरसाठी मागे घेतलेली ठिणगी, आणि मागितलेला व प्रत्यक्ष मिळालेला दाब. चारपैकी एकाच सिलिंडरची ठिणगी सतत मागे जात असेल, तर मॅपला दोष देण्यापूर्वी त्या सिलिंडरचा प्लग काढून पाहावा. हा लॉग शक्यतो दुपारी घ्यावा. देण्यास कोणी टाळाटाळ केली, तर तेथे चहा पिऊन परत यावे. याशिवाय, टॉर्क वाढल्यावर गिअरबॉक्समधील क्लचवरही भार वाढतो. आपल्या गाडीच्या गिअरबॉक्सचे तेल 60,000 किलोमीटरला बदलायचे असते, आणि आधीच्या मालकाने ते बदलल्याची पावती नसेल तर रीमॅपच्या आधी तो खर्च करावा.

प्रश्न : माझ्याकडे फोर्ड मस्टँग आहे, पाच लिटरची, व्ही-एट. धुळ्यातील एक फॅब्रिकेटर दोन्ही बाजूंना तीन इंची पाइप घालून देतो म्हणतो, तर माझे नेहमीचे मिस्त्री सांगतात की, बॅक प्रेशर गेले की खालचा दम जाईल. कोणाचे ऐकावे? (एक वाचक, धुळे)

उत्तर : मिस्त्रींचा अनुभव बरोबर आहे, कारण मात्र चुकीचे आहे. कोणत्याही इंजिनाला मागून रेटा हवा नसतो. हवा असतो तो वायूचा वेग. एका सिलिंडरमधून सुटलेला वायूचा लोट नळीतून वेगाने निघाला की आपल्यामागे पोकळी सोडतो आणि ती पोकळी पुढच्या सिलिंडरमधील जळका वायू ओढून काढते. नळी गरजेपेक्षा रुंद केली तर वेग मंदावतो, ओढ कमी पडते आणि कमी आरपीएमवरचा टॉर्क जातो. टर्बो नसलेल्या इंजिनात हा हिशेब विशेष महत्त्वाचा असतो.

हे मी स्वतः पैसे घालवून शिकलो आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी 1,600 सीसीच्या माझ्या गाडीला मी हौसेने अडीच इंची पाइप लावून घेतला. आवाज असा की, गल्लीच्या टोकाशी वळण घेताच आई चहा ठेवायला उठत असे. पण लळिंगच्या घाटात पूर्वी चौथ्यात चढणारी गाडी तिसऱ्यात टाकावी लागू लागली. तो पाइप अजून माझ्या गच्चीवर आहे आणि त्यात चिमण्यांनी घरटे केले आहे.

पाच लिटरच्या इंजिनाला तीन इंच फार रुंद होईल असे नाही, तरी व्यास ठरवताना फॅब्रिकेटरकडे कोणता पाइप शिल्लक आहे हे कारण पुरेसे ठरत नाही. आपल्याला मुख्यतः आवाजच हवा असेल, तर व्ही-एटच्या दोन बाजूंना जोडणाऱ्या आडव्या नळीकडे लक्ष द्यावे. या इंजिनात एका बाजूच्या चार सिलिंडरांचे धमाके समान अंतराने होत नाहीत, त्यातूनच तो गुरगुरता आवाज येतो. ही नळी कोठे व कशी जोडली आहे यावर त्या गुरगुरीचा पोत बदलतो. जोडावर आतून वेल्डिंगचे थेंब राहिले तर वायूला अडथळा होतो. काम ताब्यात घेताना टॉर्च मारून आत पाहावे.

प्रश्न : कन्व्हर्टर काढून टाकला तर पीयूसीत अडचण येईल का? चेक इंजिनचा दिवा कोडिंग करून बंद करता येतो, असे ऐकले. (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : येईल. बीएस-4 व बीएस-6 पेट्रोल गाड्यांना निष्क्रिय वेगावर (गाडी उभी, इंजिन चालू असताना) कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बनची 200 पीपीएम आहे, आणि कन्व्हर्टरशिवाय ती पाळणे कठीण असते. दिवा बंद केल्याने संगणकाची तक्रार थांबते, धूर तोच राहतो. वास तर शेजाऱ्यालाही येतो.

कायद्याची बाजूही आपण विचारली नसली तरी सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कारखान्याच्या मूळ वैशिष्ट्यांत परस्पर बदल करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाज व प्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास कलम 190 खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने परवाना स्थगित, असे वेगळेच प्रकरण उभे राहते. काढलेला कन्व्हर्टर फॅब्रिकेटरकडे ठेवू नये. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम असते आणि भंगारवाल्याला त्याची किंमत आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असते. तो घरी आणावा, आणि जमल्यास त्याच आठवड्यात परत बसवून घ्यावा.