‘आमच्यात असं कुणाला होत नाही’

‘मावशी, लग्न झाल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, मी एका धार्मिक समुदायात आहे. दर आठवड्याला सभा असते, माणसं जीव लावणारी आहेत. आठ महिन्यांपासून मी नैराश्याच्या गोळ्या घेतेय, लपून. परवा सभेत एक ज्येष्ठ ताई म्हणाल्या, “श्रद्धा असेल त्याला मनाचे आजार होत नाहीत, संशोधनातही तेच आलंय.” माझी श्रद्धाच कमी पडतेय का? गोळ्या बंद करून बघावं असं वाटतंय.’

अगं, गोळ्यांना आधी हात लावू नकोस. अचानक सोडल्या तर चक्कर येते, झोप उडते, जीव घाबराघुबरा होतो आणि आजार उलटूही शकतो. त्या थांबवायच्या तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

आता ताईंचं संशोधन. त्या अगदीच हवेत बोलत नाहीयेत. अमेरिकेतल्या जवळपास ९० हजार परिचारिकांची १९९६ ते २०१० मधली माहिती तपासून २०१६ मध्ये एक अभ्यास आला. आठवड्याला निदान एकदा प्रार्थनेला जाणाऱ्या बायकांमध्ये आत्महत्येचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा सुमारे पाचपट कमी होतं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि सरासरीवरून एकट्या माणसाची श्रद्धा मोजता येत नाही. शिवाय ज्याला नैराश्य येतं त्याचं सभेला जाणंच आधी सुटतं. मागे उरलेली मंडळी ठणठणीत दिसणारच! अभ्यासक याचा हिशेब धरतात, सभेत बोलणारे धरत नाहीत.

मला मात्र हटराइट लोकांची गोष्ट जास्त जवळची वाटते. उत्तर अमेरिकेत वस्त्या करून राहणारा, जमीनजुमला सामाईक ठेवणारा हा ख्रिस्ती पंथ. यांच्यात मनाचे आजार जवळपास नाहीतच, अशी त्यांची ख्याती होती. ईटन आणि वाइल या दोघांनी पाहणी केली, १९५५ मध्ये पुस्तक काढलं. ८,५४२ माणसांत १९९ जणांना आयुष्यात कधी ना कधी मनाचा आजार झालेला निघाला. म्हणजे त्रेचाळिसात एक. त्यातही गंभीर आजारांत नैराश्यच जास्त. त्यांच्या बोलीत त्याला नावसुद्धा होतं, ‘आन्फेख्टुंग’: सैतानाने घातलेला मोह. बहुतेकांची शुश्रूषा घरीच व्हायची, त्यामुळे इस्पितळाच्या नोंदीत ते फारसे आलेच नव्हते. आजाऱ्याला त्यांनी टाकलं मात्र नाही, आणि हे मला त्या ख्यातीपेक्षा मोठं वाटतं.

तुझ्या सभेत चाळीस-पन्नास माणसं असतील तर लपून गोळ्या घेणारी तू एकटीच असशील, यावर माझा विश्वास नाही. ताईंचं वाक्य ऐकून आणखी कुणीतरी मान खाली घातली असेल.

माणसांचा आधार खरा आहे, तो सोडू नकोस. पण ‘देव मला शिक्षा करतोय, त्याने मला टाकलंय’ हा विचार डोक्यात रुतला असेल तर डॉक्टरांना तसं सांग. अशा विचारांबरोबर नैराश्य जास्त आढळतं, हेही संशोधनातलंच, ताईंनी न सांगितलेलं. आणि जगणं नकोसं वाटलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन करायचा.

ताईंना उत्तर देणं तुझ्यावर बंधनकारक नाही. पण एक विचारते. गोळ्यांचं नवऱ्याला ठाऊक आहे का? पत्रात त्याचा उल्लेखच नाही. ठाऊक नसेल तर सभा राहू दे, आधी त्याला सांग.

– मावशी