इंगळ नेमका कोठे लागला?

‘अस्वस्थ’ या नावाने ३१ वर्षांच्या एका भगिनीने पाठवलेले पत्र बरेच मोठे आहे, म्हणून त्याचा आशय थोडक्यात देते. त्या लहानपणापासून आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) गायकवृंदात गातात. दोन महिन्यांपूर्वी प्रभुभोजनाच्या उपासनेत ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ हे शब्द गाताना त्यांचा घसा एकाएकी कोरडा पडला, ओठ हलेनात, आणि भाकर व प्याला न घेताच त्या मागच्या बाकावर जाऊन रडत बसल्या. कारण त्यांना ठाऊक आहे. सात वर्षांपूर्वी तरुण संघाच्या खजिनदार असताना त्यांनी शिबिराचे १४,५०० रुपये स्वतःच्या फीसाठी वापरले आणि हिशेबाच्या सभेत ‘ती रक्कम मी बसभाड्यासाठी सहचिटणिसाकडे दिली होती’ असे सांगितले. त्या तरुणाला पद सोडावे लागले. पुढे त्याने मंडळीत येणेही सोडले. पैसे त्यांनी नंतर निनावी पाकिटातून दानाच्या थैलीत टाकले. आता देवाने आपल्याला सेवेसाठी पाचारण केले आहे असे त्यांना वाटते, आणि बँकेच्या नोकरीचा राजीनामा लिहून तयार आहे. वडील म्हणतात, हा चार दिवसांचा उमाळा आहे. मैत्रीण म्हणते, देवाने क्षमा केली, आता जुने उकरू नकोस. हा अनुभव खरा का आणि मी जाऊ का, असे त्या विचारतात.

प्रिय भगिनी,

तुमचा अनुभव खोटा आहे असे मला वाटत नाही. नुसता उमाळा असता तर तो गोड असता, आणि रडून मोकळे वाटल्यावर तुम्ही पुढच्या रविवारी पुन्हा त्याच जागी उभ्या राहिला असता. तुम्हाला मात्र स्वतःची एक ठराविक गोष्ट, तारीख आणि रकमेसह, दिसली. देवाच्या पावित्र्याचा प्रकाश पडतो तेव्हा ‘आपण सारेच पापी’ अशी मोघम भाषा उरत नाही.

ज्या शब्दांवर तुमचा आवाज अडला, ते शब्द बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातून उपासनेत आले आहेत. तो अध्याय ‘उज्जीया राजा मरण पावला त्या वर्षी’ असा सुरू होतो, आणि आपण बहुधा ते तारखेचे वाक्य समजून पुढे जातो. तसे जाऊ नका. उज्जीयाने यहूदा देशावर ५२ वर्षे राज्य केले. तो पराक्रमी होता, शेतीची आवड असलेला होता. पण बलाढ्य झाल्यावर त्याचे मन उन्मत्त झाले आणि याजकांचे काम आपणच करावे म्हणून धूपपात्र हाती घेऊन तो मंदिरात शिरला. अजऱ्या याजक आणि त्याच्याबरोबरचे ८० याजक त्याला अडवू लागले, तेव्हा तो संतापला, आणि तेथेच त्याच्या कपाळावर कोड उठले. मरेपर्यंत तो वेगळ्या घरात राहिला. एक माणूस विस्तव स्वतःच्या हाताने घेऊन पवित्र स्थानी गेला आणि अशुद्ध होऊन बाहेर पडला. त्याच्या मृत्यूच्या वर्षी दुसऱ्याने, म्हणजे दर्शनात देवाला पाहणाऱ्या यशयाने, ‘मी अशुद्ध ओठांचा आहे’ असा आक्रोश केला, तेव्हा विस्तव वेदीवरून त्याच्याकडे आणला गेला.

तो इंगळ, म्हणजे धगधगता निखारा, सराफीमाने (देवाच्या सिंहासनापाशी सेवा करणाऱ्या देवदूताने) चिमट्याने उचलला होता, ही बारीक नोंद मला फार महत्त्वाची वाटते. माझी आजी चुलीतला इंगळ शेगडीत घालताना पदर खोचून, श्वास रोखून चिमटा धरी. इंगळ सुटून पडला तर जिथे पडेल तिथली जमीन काळी होई. गॅसवर स्वयंपाक करणाऱ्या आपल्या पिढीला हे वाचून सुगंधी धूप आठवतो, भाजणे आठवत नाही. यशयाच्या हाताला, कपाळाला किंवा छातीला नव्हे, त्याच्या ओठांनाच तो इंगळ लागला, कारण कबुली ओठांची होती. ‘तुझा दोष दूर झाला आहे’ हे वाक्य त्यानंतरचे, आणि ‘मी कोणाला पाठवू?’ हा आवाज त्याहून नंतरचा.

आता तुमच्या पत्राकडे वळते. तुमचे पाप पैशांचे होते असे तुम्ही पत्रभर लिहिले आहे आणि पैसे परत केल्याचा उल्लेख तीन वेळा केला आहे. मला ते पाप ओठांचे दिसते. पैसे तुम्ही कोणाला न कळता परत करू शकलात. त्या सभेत उच्चारलेले वाक्य मात्र सात वर्षे त्या तरुणाच्या अंगावर आहे. गाताना तुमचे ओठच का थांबले, याचा विचार तुमच्या मनात आला असेलच.

तुमची मैत्रीण मीखाच्या पुस्तकातील, देव आपली पापे समुद्राच्या खोल डोहात टाकील हे वचन सांगते. वचन खरे आहे आणि तुमच्यासाठीही आहे. परंतु तुमचे पाप समुद्रात गेले तरी त्या माणसाची बदनामी जमिनीवरच आहे, आणि ती पुसण्याची किल्ली तुमच्याजवळ आहे. वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असे प्रभूने मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. तुम्ही तर संपूर्ण आयुष्याचे अर्पण घेऊन निघाला आहात.

मला भीती आहे ती याची. नोकरी सोडणे, दूर जाऊन शिकणे, सेवेत झिजणे हे सारे कठीण असले तरी त्यात मान आहे. पाळकसाहेबांसमोर बसून ‘त्या दिवशी मी खोटे बोलले’ असे सांगण्यात मान नाही. माणूस कधीकधी लहान लाजेतून सुटण्यासाठी मोठा त्याग पत्करतो. सेवा म्हणजे पापाचे हप्ते फेडणे नव्हे. तसे समजून गेलात तर प्रत्येक थकव्याच्या दिवशी कर्ज अजून किती उरले, हाच हिशेब कराल.

येशूचा शिष्य पेत्र याचेच पाहा. मासे भरून होड्या बुडू लागल्या तेव्हा ‘प्रभूजी, माझ्यापासून जा, मी पापी मनुष्य आहे’ असे म्हणून तो येशूच्या पायांशी पडला, आणि त्याच दिवशी सर्व सोडून निघाला. तुम्ही ह्या उदाहरणाचा आधार घेतला आहे. पण पेत्राची गोष्ट तेथे संपत नाही. पुढे कोळशाच्या विस्तवाशी शेकत असताना त्याने प्रभूला नाकारले, आणि पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रकिनारी प्रभूने त्याला पुन्हा तशाच विस्तवापाशी आणले. कोळशाच्या विस्तवासाठी योहानाने आपल्या शुभवर्तमानात वापरलेला ग्रीक शब्द नव्या करारात याच दोन ठिकाणी येतो. तीन नकारांच्या जागी तीन प्रश्न विचारले गेले, पेत्र दुःखी झाला, आणि प्रत्येक उत्तरानंतर मेंढरे सांभाळण्याची आज्ञा मिळाली. जिथे जीभ घसरली होती, त्या आठवणीला वळसा घालून त्याला पुढे नेले नाही.

अनुभव आला की लगेच जागा बदलली पाहिजे, असेही नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला; आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, हे सुमारे आठ वर्षांनी उमगले असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. तोवर १८८९ मध्ये विधवांसाठी सुरू केलेले शारदा सदन चालू होते, आणि त्या अनुभवानंतरही त्या त्याच कामात राहिल्या. केडगावचे त्यांचे मुक्ती सदन पुढे दुष्काळाच्या गरजेतून वाढले. तुमची बँकेतील खिडकी आणि तिच्यासमोरची रांग हीदेखील पाठवले जाण्याची जागा असू शकते. ती नाही, असे मी म्हणत नाही आणि आहे, असेही.

म्हणून प्रथम पाळकसाहेबांना एकांतात भेटा आणि घटना कारणे न देता सांगा. फीची अडचण खरी असली तरी ती शेवटी, विचारल्यास सांगा. त्यांच्या सल्ल्याने त्या बंधूला पत्र लिहा. त्याच्या दारात अचानक जाऊन रडू नका, कारण मग तुमचे सांत्वन करण्याची जबाबदारी त्याच्यावर पडेल. ज्या सभेत तो दोषी ठरला त्या सभेच्या इतिवृत्तात दुरुस्ती व्हावी अशी मागणी तुम्ही स्वतः करा. वडिलांना हे कळेल आणि ते दुखावतील; तेही सोसावे लागेल. तो बंधू क्षमा करील का, हे मी सांगू शकत नाही. तो पत्राला उत्तरही देणार नाही कदाचित, आणि तसा त्याला अधिकार आहे.

पुढच्या प्रभुभोजनाला मात्र मागच्या बाकावर बसू नका. पाळकसाहेबांशी बोलणे झालेले असेल तर पुढे या आणि भाकर घ्या. राजीनामा तेवढा तूर्त खणातच राहू द्या.