पाच वर्षांचं खोटं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आणखीही काही जणींनी विचारला आहे.

प्रश्न : ताई, माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, मोठ्या शिशुवर्गात जातो. परवा त्याच्या दप्तरात स्ट्रॉबेरीच्या वासाचा खोडरबर सापडला. ‘कुठून आणलास?’ विचारलं तर म्हणाला, बाईंनी दिला. बाईंना फोन केला, त्यांनी दिला नव्हता. मग म्हणाला, मैदानावर सापडला. सासूबाई म्हणाल्या, ‘आत्ताच पोलिसाची भीती घाला, नाहीतर सवय लागेल.’ ह्यांनी दोन फटके दिले, तेव्हा कुठे शेजारी बसणाऱ्या मुलीचा असल्याचं कबूल केलं. खोडरबर अजून माझ्याकडेच आहे. आता मी काहीही विचारलं की तो आधी माझ्या चेहऱ्याकडे बघतो आणि मग उत्तर देतो. ही चोरीची सुरुवात तर नाही ना?
– एक आई, इस्लामपूर

उत्तर : नाही, ही चोरीची सुरुवात नाही. मला खोडरबराची काळजी वाटत नाही. तो तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतो, याची वाटते.

आधी त्याचं वय पाहू. १९८३ साली विमर आणि पेर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना एक गोष्ट सांगितली. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो. तो बाहेर असताना आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर मुलगा चॉकलेट कुठे शोधेल? अगदी लहान मुलं सरळ दुसरं कपाट दाखवायची. आपल्याला जे माहीत आहे ते त्या मुलाला माहीत नसेल, हे त्यांच्या ध्यानातच येत नव्हतं. चार-पाच वर्षांच्या पुढची मुलं हळूहळू पहिलं कपाट दाखवू लागली. म्हणजे आईच्या मनात एक आणि माझ्या मनात दुसरं असू शकतं, हे या वयात उमगायला लागतं. ते उमगल्याशिवाय समोरच्याला पटेल असं खोटं बोलणं अवघड असतं. तुमचा मुलगा नेमका या वळणावर आहे. त्याची बुद्धी वयाप्रमाणे चालली आहे. खरं बोलणं त्याला शिकवायचं आहे, हे वेगळं काम आहे आणि ते सावकाश होतं.

आता खोडरबर. वस्तू दुसऱ्याची आहे हे त्याला कळत होतं, म्हणून तर त्यानं लपवलं. पण हवीशी वस्तू समोर असताना हात आवरणं ही मेंदूतल्या ज्या भागाची कामगिरी आहे, त्याची वाढ विशी ओलांडल्यावरही चालू असते. पाचव्या वर्षी हात आधी पुढे जातो आणि ‘अरे, हे आपलं नाही’ मागाहून येतं. तुम्ही ‘कुठून आणलास?’ विचारलंत तेव्हा तो अडकला होता. खरं सांगावं तर आई रागावणार, हे त्याला आवाजावरूनच कळलं होतं. जे उत्तर आपल्याला माहीत आहे किंवा ज्याचा दाट संशय आहे, त्याचा प्रश्न मुलाला करू नये. आपण विचारतो आणि त्याला खोटं बोलायला जागा करून देतो.

उद्या सकाळी शांतपणे एवढंच म्हणा : ‘हा खोडरबर तुझ्या शेजारच्या मुलीचा आहे. तुला खूप आवडला होता. पण तो तिचा आहे, म्हणून आपण तिला देऊन येऊ. मी बरोबर येते.’ बाईंना आधी कल्पना द्या आणि वर्गासमोर काही काढू नका, अशी विनंती करा. शाळा भरायच्या आधी, बाजूला. खोडरबर त्याच्या हातानं दिला जाऊ दे. ‘सॉरी म्हण’ असा धोशा लावू नका. तो नुसता हात पुढे करून वस्तू देईल आणि तुमच्या मागे लपेल, तरी पुष्कळ झालं. घरी आल्यावर विषय संपला. रात्री बाबांना, रविवारी आत्याला, दिवाळीत मामाला ही गोष्ट सांगायची नाही. लहान मुलाची चूक पाहुण्यांपुढे सांगितली जाते तेव्हा त्याचे कान लाल झालेले मी बालवाडीत आणि लग्नघरांत इतक्यांदा पाहिले आहेत, की हे हात जोडून सांगते.

दुसरं काम थोडं पुढचं आहे. एखाद्या दिवशी त्याच्या हातून दूध सांडेल, चष्मा मोडेल, आणि तो तुमचा चेहरा न बघता, किंवा बघूनही, खरं सांगेल. तो क्षण सांभाळा. ‘खरं सांगितलंस, बरं केलंस. फडकं आण, पुसून काढू.’ त्यानंतर ‘पण’ नको. खरं सांगून जर फटकाच मिळणार असेल, तर त्यानं खरं का सांगावं? फटक्यांनी कबुली मिळाली असं तुम्ही लिहिता. मला वाटतं, फटक्यांनी त्याला पुढच्या वेळी जास्त नीट लपवायला शिकवलं. हे यजमानांशी बोला, मुलगा झोपल्यावर.

पोलिसाच्या भीतीबद्दल सासूबाईंना एक गोष्ट आवर्जून सांगा, तीही एकट्यात आणि मानानं. उद्या जत्रेत किंवा स्टॅंडवर नातवाचा हात सुटला, तर त्यानं ज्याच्याकडे धावत जायला हवं तो माणूस खाकी कपड्यातलाच असणार आहे. त्याला बघून तो लपला तर? हे कारण आजीला पटतं असा माझा अनुभव आहे. आणि खोडरबर परत करायला आजीच बरोबर गेल्या तर फारच छान.

शेवटी एक, थोडं अवघड जाईल. एसटीत पाच वर्षं पूर्ण झाली की अर्धं तिकीट लागतं. तुमचा मुलगा पाचाचा झाला आहे. कंडक्टरनं वय विचारल्यावर घरातलं कुणी ‘चार’ म्हणालं, तर तो ते ऐकत असतो, आणि आपलं वय त्याला पक्कं पाठ असतं. अर्ध्या तिकिटाचे पैसे त्याच्या हातानं द्या. खरेपणाबद्दल मी त्याला जे काही सांगू शकेन, त्याहून ते त्याला जास्त कळेल.

प्रश्न : माझी नात तीन वर्षांची. मुलगा-सून दोघंही लोकल पकडून जातात, रात्री आठाला येतात. दिवसभर ती माझ्याकडे. संध्याकाळी फिरायला नेलं की दुकानासमोर रस्त्यावर लोळण घेते. दोनदा रडता रडता श्वास अडकला, ओठ निळे पडले, क्षणभर मान टाकली. तेव्हापासून मी घाबरलो आहे. मागेल ते देतो, जेवताना मोबाईलही देतो. सून नाराज आहे. मी काय करू?
– एक आजोबा, डोंबिवली

उत्तर : आजोबा, ओठ निळे पडताना पाहून कुणाचंही काळीज हलेल. तुम्ही घाबरून देता, लाडानं नाही, हे सूनबाईंना एकदा सांगाच.

पहिली गोष्ट, तिला या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. रागानं किंवा दुखलं म्हणून रडताना श्वास रोखला जाणं सहा महिन्यांपासून पाच-सहा वर्षांपर्यंतच्या काही मुलांमध्ये दिसतं. मूल ते मुद्दाम करत नाही. बहुतेकदा मिनिटाच्या आत श्वास आपोआप सुरू होतो आणि वयानुसार हा त्रास जातो. तरीही दुसरं काही कारण नाही ना, हे डॉक्टरांनी पाहायला हवं. यातल्या काही मुलांच्या रक्तात लोह कमी असतं, म्हणून रक्ताची तपासणी करून घ्या. लोह कमी निघालं आणि औषध सुरू झालं, की पुष्कळदा हे प्रकार कमी होतात. पुन्हा झालं तर तिला कुशीवर निजवा, आजूबाजूचं टोकदार काही दूर करा. तोंडावर पाणी मारू नका, हलवू नका, तोंडात काही घालू नका. मिनिटाच्या वर गेलं किंवा झटके आले तर थेट दवाखाना गाठा.

डॉक्टरांनी निर्धास्त केलं की तुमचा हात मोकळा होईल. मग ‘नाही’ म्हटलेलं ‘नाही’च राहू द्या. ती लोळली तरी तिच्याशेजारी उकिडवे बसा, गुडघे साथ देत नसतील तर दुकानाच्या पायरीवर बसा. ‘तुला ते हवं होतं, मिळालं नाही, राग आला.’ एवढंच, हळू आवाजात, आणि गप्प राहा. तीन वर्षांच्या मुलीला रडताना समजावलेलं ऐकू जात नाही. येणारे-जाणारे बघतील, कुणी सल्लाही देईल. बघू देत.

मात्र वेळ तपासा. संध्याकाळी सहाला ती भुकेली किंवा झोपेला आलेली तर नसते? या वयाला दुपारची झोप धरून दहा ते तेरा तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे. आई-बाबा आठाला येणार म्हणून मूल दहा-अकरापर्यंत जागं राहतं आणि सकाळी लवकर उठवलं जातं. डोंबिवली-बदलापूरकडच्या कितीतरी घरांत हे असंच आहे, कुणाचा दोष नाही. दुपारची झोप जपा, बाहेर पडायच्या आधी केळं किंवा गूळ-पोळी द्या. दुकानाचा रस्ता टाळून दुसरा घेता आला तर घ्या, त्यात हार मानण्यासारखं काही नाही.

मोबाईलबद्दल त्याच मार्गदर्शनात तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा, आणि कमी असेल तितकं बरं, असं आहे. जेवताना तर बंदच करा. पहिले काही दिवस ती दोन घास कमी खाईल. तिला तुमच्या ताटाशेजारी बसवा, कोशिंबिरीचे दाणे वेचू द्या, कपडे माखू द्या.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. माझ्याकडे चार वर्षांचा एक मुलगा येतो, तो इतरांना चावतो. पालक भांडायला येतात. मदतनीस म्हणते, त्यालाही एकदा चावून दाखवा म्हणजे कळेल. मला पटत नाही, पण उपाय सुचत नाही. तो घरी वारली बोलतो, मराठी त्याला फार येत नाही.
– डहाणू तालुका

उत्तर : तुम्हाला पटत नाही ते योग्य आहे. चावून दाखवलं तर मोठी माणसंही चावतात, एवढंच तो शिकेल. आणि उत्तर तुमच्या पत्राच्या शेवटच्या वाक्यात आहे, असं मला वाटतं.

तो कधी चावतो हे आठवडाभर पाहा आणि वहीत टिपून ठेवा : कुणाला, कशावरून, त्याच्या अगदी आधी काय झालं. माझा अंदाज असा, की कुणी त्याच्या हातातला ठोकळा घेतला असेल, किंवा रांगेत मागून धक्का लागला असेल. त्याला ‘माझा आहे, दे’ म्हणायचं आहे आणि तुमच्या वर्गात चालणारे शब्द त्याच्याजवळ नाहीत. शब्द नसले की दात येतात. तेव्हा ‘मला दे’, ‘नको’, ‘थांब’, ‘माझी पाळी’ हे चार शब्द त्याच्या वारलीत तुम्ही शिका आणि सगळ्या वर्गाला शिकवा. मराठी शब्दही त्यांच्या जोडीनं येऊ द्या. गाण्यातून, खेळातून, शांत वेळी. चावून झाल्यावर शिकवणीची वेळ नसते. तेव्हा आधी ज्याला लागलं त्याला जवळ घ्या, जखम धुवा, आणि चावणाऱ्याला फक्त ‘चावायचं नाही, त्याला दुखतं’ म्हणा. जखम धुवायचं पाणी त्याला आणू द्या. कोपऱ्यात उभं करू नका.

तुम्ही ज्या तालुक्यात काम करता तिथे मी शिकायला होते, म्हणून हे लिहिताना भरून येतं. १९४५ साली बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ तुमच्याच तालुक्यातल्या बोर्डीला आल्या. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडला गेलं. मूल आपल्यापर्यंत येत नसेल तर आपण त्याच्यापर्यंत जायचं, हे तिथे कामातून शिकायला मिळालं. त्या मुलाच्या बाबतीत त्याच्यापर्यंत जाण्याची वाट त्याच्या बोलीतून आहे.

भांडायला येणाऱ्या पालकांना तुमची वही दाखवा. ‘आम्ही बघतोय, हे असं करतोय’ असं दिसलं की आवाज खाली येतो. आणि त्याच्या आईला केवळ तक्रारीसाठी बोलावू नका. तो ज्या दिवशी चावला नाही त्या दिवशीही निरोप पाठवा.

प्रश्न : आम्हाला महिन्यापूर्वी मुलगा झाला. सहा वर्षांची मुलगी ‘याला परत हॉस्पिटलात देऊन या’ म्हणते. पुन्हा अंथरूण ओलं करते. आम्ही तिला समजावतो की तू आता ताई आहेस. ती आणखी चिडते.
– एक बाबा, नाशिक

उत्तर : काही दिवस ‘ताई’ म्हणणं थांबवा. तिला ते पद नकोय, तिला जुनी जागा हवी आहे. ‘देऊन या’ म्हणाली की ‘असं बोलू नये’ ऐवजी ‘बाळ आल्यापासून आई तुला कमी मिळते, नाही का?’ असं म्हणून पाहा. ती बहुधा रडेल. रडू द्या, जवळ घ्या.

रोज थोडा वेळ आई फक्त तिची. बाळ त्या वेळात तुमच्याकडे, दार लावून दुसऱ्या खोलीत. त्या वेळात अभ्यास नाही, समजूत नाही, तिला हवं ते. बाळाला बघायला येणाऱ्यांना दारातच सांगा, आधी तिच्याशी बोला. अंथरुणाबद्दल रागावू नका, चादर बदलायला तिला मदतीला घ्या आणि बोलणं दुसऱ्याच विषयावर ठेवा. लघवीला जळजळ होत असेल, दिवसाही कपडे ओले होत असतील किंवा ती सारखं पाणी मागत असेल, तर मात्र डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. तसं नसेल तर काही आठवडे जाऊ देत, आणि मग मला पुन्हा लिहा.