हेल्मेट, सेन्सर, जीपीएस सगळं असूनही दुखापती का थांबत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तरुण खेळाडूंच्या संघाचे एक प्रशिक्षक विचारताहेत की व्यावसायिक खेळात आता भारी हेल्मेटं, दातांत बसणारे सेन्सर, जीपीएसची बनियनं, हाय-स्पीड कॅमेरे असं सगळं आलंय, तरी दुखापती कमी का होत नाहीत? आणि संघाकडे थोडे पैसे जमलेत, ते जीपीएस किटवर घालावेत का? फिजिओ म्हणून बरीच वर्षं संघांबरोबर काम केलंय, त्या अनुभवावरून लिहितो. उत्तर लांबणार आहे.

आधी एक गोष्ट. दुखापती कमी झाल्या नाहीत हे अर्धंच खरं आहे. मैदानावर जीव जाण्याचं, कवटी फुटण्याचं, मान मोडण्याचं प्रमाण बऱ्याच खेळांत स्पष्टपणे खाली आलंय. वाढल्यात त्या स्नायूंच्या दुखापती. आणि मेंदूला बसणारा मार पूर्वी मोजलाच जात नव्हता, तो आता मोजला जातो म्हणून जास्त दिसतो. या तिन्ही गोष्टी एका आकड्यात कोंबल्या की हाती काहीच लागत नाही.

क्रिकेटचं हेल्मेट घ्या. 1962 मध्ये बार्बाडोसला वेस्ट इंडीजच्या ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरांच्या डोक्याला लागला, कवटीला फ्रॅक्चर झालं, शस्त्रक्रिया झाल्या, जीव वाचला. पण पुन्हा कसोटी खेळता आली नाही. त्यानंतरही फलंदाज उघड्या डोक्याने खेळतच राहिले. डेनिस एमिसने केरी पॅकरच्या खासगी मालिकेच्या सामन्यांत मोटरसायकलस्वारासारखं हेल्मेट घातलं आणि 1978 मध्ये ग्रॅहम यॅलपने ते कसोटीत आणलं, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. 1998 मध्ये ढाक्यात रमण लांबा फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा राहिला, षटकातले तीनच चेंडू उरलेत म्हणून हेल्मेट नको म्हणाला, आणि फटका थेट कपाळाच्या बाजूला लागला. तीन दिवसांनी तो गेला. हेल्मेट तेव्हा उपलब्ध होतं. घालायचं की नाही हे मात्र खेळाडूवर सोडलेलं होतं.

माझं सगळं म्हणणं या शेवटच्या वाक्यात आहे. उपकरण चांगलं असणं ही सुरुवात झाली. ते वापरायचं की नाही आणि त्याने दिलेला इशारा पाळायचा की नाही, हा निर्णय सामन्याच्या निकालात ज्याचा जीव अडकलाय त्याच्या हातात ठेवला, तर उपकरण कपाटात राहतं.

25 नोव्हेंबर 2014 ला सिडनीत ऑस्ट्रेलियाच्या फिल ह्यूजला बाउन्सर लागला तो डाव्या कानाखाली, मानेवर, हेल्मेटचं कवच संपतं तिथे. मानेतून मेंदूकडे जाणारी धमनी फाटली, मेंदूभोवती रक्तस्राव झाला, दोन दिवसांनी तो गेला. त्या जागेसाठी मागे अडकवायचे गार्ड लवकरच बाजारात आले. तरी 2019 मध्ये लॉर्ड्सवर आर्चरचा ताशी जवळपास 149 किलोमीटर वेगाचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आदळला तेव्हा त्याच्या हेल्मेटला तो गार्ड नव्हता. त्यात कोंडल्यासारखं होतं असं त्याचं म्हणणं. ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने वेगवान गोलंदाजीसमोर मानेचा गार्ड सक्तीचा केला ऑक्टोबर 2023 पासून. म्हणजे वस्तू तयार असताना सक्ती यायला काही वर्षं गेली, तीही ज्या देशाने आपला खेळाडू गमावला त्या देशात.

त्या लॉर्ड्सच्या सामन्यात आणखी एक गोष्ट घडली. स्मिथ बाहेर गेला, कन्कशनच्या (डोक्याच्या माराने मेंदूला धक्का बसण्याच्या) चाचण्या पार केल्या आणि तासाभराच्या आत पुन्हा फलंदाजीला आला. लक्षणं दुसऱ्या दिवशी सकाळी दिसली. यात डॉक्टरांची चूक काढायला मी तयार नाही. मेंदूच्या माराची लक्षणं उशिरा येणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि सीमारेषेवर बसून करायच्या चाचणीला ती ओळखता येत नाहीत. सुदैवाने त्याच महिन्यापासून आयसीसीने बदली खेळाडूचा नियम आणला होता, म्हणून स्मिथच्या जागी लबुशेन उतरला. या नियमावर लोक कुरकुरतात. 2020 मध्ये कॅनबेराला जडेजाच्या जागी चहल आला, तीन बळी घेऊन सामनावीर ठरला, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या प्रशिक्षकांचा चेहरा बघण्यासारखा होता. कुरकुरू देत. बदली मिळत नसेल तर कुठलाच कर्णधार आपला मुख्य फलंदाज बाहेर बसवणार नाही आणि कुठलाच फलंदाज स्वतःहून चक्कर येतेय म्हणणार नाही. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत क्रिकेटमधल्या सुरक्षेत सर्वांत मोठी भर या नियमाने घातली, आणि त्यात एकही यंत्र नाही.

आता हेल्मेटची मर्यादा. कवटी फुटते ती थेट आघाताने. कडक कवच तो आघात पसरवतं, आतला फोम दबून थांबण्याचा वेळ वाढवतो, हाड वाचतं. कन्कशनमध्ये मोठा वाटा असतो डोकं झटक्यात वळण्याचा. पाण्याने भरलेली कळशी गर्रकन फिरवा. कळशी फिरते, पाणी मागे राहतं. मेंदूचं तसंच होतं आणि आतले तंतू ताणले जातात. कवच कितीही मजबूत असलं तरी हा ताण ते फारसा कमी करू शकत नाही. सायकलिंगच्या काही हेल्मेटांत आता सरकणारा आतला थर असतो तो यासाठीच.

हेल्मेटने नुकसानही होऊ शकतं, आणि त्याचा सर्वांत ठळक दाखला अमेरिकन फुटबॉलचा आहे. कडक हेल्मेट आणि तोंडावरची जाळी आली तसे खेळाडू निर्धास्त झाले आणि प्रतिस्पर्ध्यावर डोकं पुढे काढून भाल्यासारखे घुसायला लागले. 1968 या एका वर्षात सर्व स्तरांवर मिळून 36 खेळाडू डोक्याच्या आणि मानेच्या अशा थेट दुखापतींनी गेले. मग 1973 मध्ये हेल्मेटसाठी मानक आलं आणि 1976 मध्ये डोक्याने पहिला आघात करण्यावर बंदी आली. मानेच्या मोडतोडी झपाट्याने घटल्या; 1990 मध्ये असा एकही मृत्यू नोंदला गेला नाही. चांगलं हेल्मेट आणि ते शस्त्र म्हणून वापरू न देणारा नियम, दोन्ही लागले. उलट्या बाजूने, ऑलिम्पिकच्या पुरुष मुष्टियोद्ध्यांचं डोक्यावरचं कवच 2016 च्या रिओपासून काढूनच टाकलं. कवच असलं की डोक्यावर जास्त ठोसे घेतले जातात असा एक युक्तिवाद होता. त्यावर मला अजून पूर्ण खात्री वाटत नाही, पण विचार करण्याजोगा आहे.

रग्बीने 2024 पासून वरच्या स्तरावर सेन्सर बसवलेले माउथगार्ड आणले. सेन्सर तोंडात का? वरचे दात कवटीला घट्ट जोडलेले असतात, त्यामुळे डोकं खरोखर किती हललं ते कळतं. हेल्मेटमधला सेन्सर हेल्मेटबरोबर सरकतो आणि भलतेच आकडे देतो. ठरलेल्या मर्यादेपलीकडचा झटका बसला की सामन्याच्या डॉक्टरला लगेच इशारा जातो आणि खेळाडू ठणठणीत दिसत असला तरी तपासणीसाठी बाहेर काढला जातो. हे यंत्र कन्कशनचं निदान करत नाही, ते विसरू नका. पण "मी बरा आहे" या वाक्याचं वजन त्याने कमी केलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

निर्णय खेळाडूकडून काढून घेतला की काय होतं ते फॉर्म्युला वनच्या हेलोने, म्हणजे चालकाच्या डोक्याभोवतीच्या संरक्षक कमानीने दाखवलं. चालक ज्यूल्स बियांकी 2014 मध्ये सुझुकाला रिकव्हरीच्या वाहनावर आदळला, पुढच्या वर्षी गेला. 2018 पासून कॉकपिटवर टायटॅनियमची ती कमान सक्तीची झाली. सुमारे बारा टनांचा भार पेलण्याची तिची चाचणी होते. तेव्हा काय गहजब झाला! गाडी कुरूप दिसते, उघड्या कॉकपिटचा आत्मा हरवला. मर्सिडीजचे टोटो वोल्फ तर म्हणाले की चेनसॉ मिळाला तर कापून टाकीन. चालक रोमां ग्रोजां हाही विरोधकांतलाच. 29 नोव्हेंबर 2020 ला बहारीनमध्ये त्याची गाडी ताशी 192 किलोमीटर वेगाने लोखंडी कठड्यात घुसली, दोन तुकडे झाले, पेट घेतला. आघात 67 जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 67 पट. हेलोने कठड्याचे पत्रे डोक्यापासून दूर ठेवले, हेल्मेटला जोडलेल्या हान्स या मानेच्या आधाराच्या पट्ट्यांनी मान धरली, आगरोधक कपड्यांनी अर्धा मिनिट तग धरला आणि तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला. नंतर रुग्णालयातून त्याने आपलं मत बदलल्याचं सांगितलं. मतदान घेतलं असतं तर हेलो त्या गाडीवर नसता.

आता जीपीएसकडे वळू, कारण तुमचा खरा प्रश्न तो आहे. फिफाने 2015 पासून सामन्यातही हे यंत्र अंगावर घालायला परवानगी दिली. आज वरच्या स्तरावरच्या प्रत्येक खेळाडूचं धावणं, स्प्रिंट, वेग घेणं, वेग मोडणं नोंदलं जातं. आणि तरीही युरोपातल्या वरच्या क्लबांच्या अनेक वर्षांच्या नोंदी सांगतात की एकूण दुखापतींत हॅमस्ट्रिंगचा (मांडीच्या मागच्या स्नायूंचा) वाटा 2001 च्या हंगामात 12 टक्के होता, तो दोन दशकांत 24 टक्क्यांवर गेला. खेळ वेगवान झाला, वेळापत्रक गच्च झालं. यंत्राने थकवा दाखवला म्हणून बुधवारचा सामना कोणी रद्द करत नाही.

आकड्यांच्या अर्थाबाबतही जपून राहायला हवं. गेल्या आठवड्याचा सरावाचा भार भागिले चार आठवड्यांची सरासरी, हे गुणोत्तर 0.8 ते 1.3 मध्ये ठेवा म्हणजे दुखापत टळेल, असं सूत्र मध्यंतरी फार गाजलं. पुढे संख्याशास्त्राच्या जाणकारांनी त्याची बरीच चिरफाड केली. भार अचानक वाढवू नये हे खरंच आहे, पण ते सांगायला दशांश चिन्ह लागत नाही.

याउलट नॉर्डिक हॅमस्ट्रिंगचा व्यायाम बघा. गुडघ्यावर बसायचं, जोडीदाराने घोटे धरायचे, शरीर सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. एकत्रित अभ्यासांनुसार नियमित केला तर हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात. खर्च शून्य. तरी 2015 मध्ये चॅम्पियन्स लीग आणि नॉर्वेच्या क्लबांची पाहणी झाली तेव्हा बहुतेकांनी तो पूर्णपणे राबवलेला नव्हता. का? मांड्या दुखतात, कंटाळवाणा आहे, आणि त्यात पडद्यावर दाखवण्यासारखा रंगीत आलेख येत नाही. फिजिओंच्या खोलीत याच्यावर बरेच विनोद होतात.

कामगिरी वाढवणाऱ्या तंत्रज्ञानाबद्दल इथे फार बोलत नाही. पोहण्याच्या पॉलियुरेथेन पोशाखांनी 2009 च्या रोम स्पर्धेत 43 विश्वविक्रम मोडले आणि 2010 पासून त्यांच्यावर बंदी आली. धावण्याच्या बुटांच्या तळव्याला 2020 मध्ये 40 मिलिमीटरची मर्यादा आली. विक्रमांवर गदा येते म्हटल्यावर संघटना किती चपळाईने हलतात ते पाहा, आणि मानेच्या गार्डला किती वेळ लागला तेही.

तर तुमचे पैसे. माझ्या यादीत पहिलं नाव हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या डिफिब्रिलेटरचं आहे. 2021 च्या युरो स्पर्धेत डेन्मार्कचा क्रिस्टियन एरिक्सन कोपनहेगनच्या मैदानावर कोसळला तेव्हा छाती दाबणारे हात आणि हे यंत्र काही क्षणांत पोहोचलं, म्हणून तो वाचला, छातीत आयसीडी (हृदयाला आपोआप झटका देणारं छोटं यंत्र) बसवून पुन्हा खेळलासुद्धा. 2003 मध्ये कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फो असाच कोसळला होता, तो गेला. यंत्र घ्या, कुलपात ठेवू नका, आणि निदान चार मोठ्या माणसांना छाती दाबायला शिकवा. खेळाडूंपैकी कुणाच्या घरी तरुणपणी अचानक हृदयाने मृत्यू झालाय का, खेळताना कुणाला भोवळ येते का, हे विचारून घ्या. होकार आला तर ईसीजी आणि हृदयरोगतज्ज्ञ.

मग वॉर्म-अप. फिफा 11+ हा वीस मिनिटांचा क्रम फुकट उपलब्ध आहे. आठवड्यातून दोनतीनदा नेमाने केला तर दुखापती साधारण एक तृतीयांश किंवा जास्त घटतात. मुली खेळत असतील तर तो टाळूच नका. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटण्याचा धोका त्यांना मुलांपेक्षा दुपटीहून अधिक असतो. क्रिकेट असेल तर मानेच्या गार्डसकट हेल्मेट, आणि जोरात चेंडू लागलेलं हेल्मेट बाद. वेगवान गोलंदाजांनी टाकलेले चेंडू वहीत लिहा, नेट्समधलेसुद्धा. कंबर सतत दुखते म्हणाला तर एमआरआय. हाडावरचा ताण त्यात फ्रॅक्चर होण्याआधी दिसतो. उन्हाळ्यात मैदानाशेजारी बर्फाच्या पाण्याचा टब हवा: उष्माघातात आधी तिथेच गार करायचं, मग रुग्णालय.

आणि एक कागद तयार करा, हंगाम सुरू होण्याआधी. डोक्याला मार लागल्यावर खेळाडू त्या दिवशी परत उतरणार नाही, आणि हे ठरवणारी व्यक्ती प्रशिक्षक नसेल, म्हणजे तुम्ही नसाल. पालकांच्या सह्या घ्या. एवढं झाल्यावर पैसे उरले तर जीपीएस घ्या. मुलांना आवडतं ते.